स्वनिर्मित एसएसएच सर्व्हरमधील मराठी इनपुट : एक चिकित्सा

टाटू इलोनेन यांनी १९९५ मध्ये फिनलंडमध्ये सिक्युअर शेल, म्हणजेच एसएसएच, ही प्रणाली निर्माण केली. तिच्या आधारे स्वतःचा सर्व्हर लिहिणाऱ्या प्रोग्रामरची एक समजूत सर्रास आढळते : वापरकर्त्याने एन्टर दाबले की पूर्ण ओळ आपल्या हाती येईल. वस्तुतः क्लायंटने स्यूडो-टर्मिनलची मागणी केल्यावर दाबलेली प्रत्येक कळ तत्काळ सर्व्हरकडे येते. एन्टर १३ या संकेताने येते, तर बॅकस्पेस बहुधा १२७ या. अक्षर पडद्यावर उमटविणे, खोडणे, ओळ संपल्याचे ओळखणे ही एरवी ऑपरेटिंग सिस्टीम करते ती कामे येथे सर्व्हरलाच करावी लागतात.

इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट आणि पडद्यावरील एक घर. त्यामुळे हा प्रश्न तेथे जाणवत नाही. मराठीत ही मापे भिन्न आहेत. तुळजापूर तालुक्यातील 'जळकोट' या नावात अक्षरे चार, युनिकोड चिन्हे पाच आणि यूटीएफ-८ नुसार बाइट पंधरा. बॅकस्पेसला एकच बाइट काढणारा सर्व्हर 'ट'चे दोन निरर्थक बाइट मागे ठेवतो.

एप्रिल २०१७ च्या आरएफसी ८१६० ने, इनपुट यूटीएफ-८ असल्याचे क्लायंटने कळविण्याची सोय केली. त्यामुळे संपूर्ण चिन्ह खोडता येते. मात्र स्वनिर्मित सर्व्हरने ती सूचना स्वतःच पाळावयाची असते. तरीही दोष उरतोच. 'तुळजापूर' लिहिताना 'तु'नंतर बॅकस्पेस दाबल्यास स्मृतीतून केवळ उकार जातो. उकाराला पडद्यावर स्वतंत्र घर नसल्याने, एक घर पुसण्याची रूढ रीत 'त'सुद्धा पुसून टाकते. वापरकर्ता 'तु' पुन्हा टंकतो. पडद्यावर 'तुळजापूर' दिसते, नोंद मात्र 'ततुळजापूर' अशी होते. चूक डोळ्यांना दिसतच नाही, आणि नावांच्या यादीत ती तशीच राहते.

यावर बॅकस्पेसने सबंध जोडाक्षर खोडावे, असा एक उपाय संभवतो. तो प्रस्तुत लेखकास मान्य नाही. 'क्षि'ची वेलांटी चुकली म्हणून सारे जोडाक्षर पुन्हा टंकावयास लावणे जाचकच. स्मृतीतून एकच चिन्ह काढावे. पडद्यावरील ओळ मात्र आरंभापासून पुसून पुन्हा लिहावी. 'को'सारख्या अक्षराला काही टर्मिनल एक घर देतात, काही दोन. पुनर्लेखनात हा हिशेब सर्व्हरला करावाच लागत नाही. ओळ पडद्याच्या रुंदीपलीकडे गेली, तर मात्र अडचण राहते.

शिवाय एका चिन्हाचे तीन बाइट दोन वेगळ्या खेपांत येऊ शकतात. अपुरे बाइट टाकून न देता पुढील खेपेपर्यंत राखून ठेवणे क्रमप्राप्त ठरते.