खाणकामपूर्व पुरातत्त्वीय सर्वेक्षण : एक चिकित्सा
(जूकन घळीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
खाणकामापूर्वी जमिनीचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण व्हावे, याविषयी सहसा दुमत नसते. मतभेद आहे तो सर्वेक्षण कोणत्या टप्प्यावर व्हावे याविषयी. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा प्रदेशातील जूकन घळीचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे.

विवेचन :
जूकन घळ ही पुतू कुंती कुर्रामा व पिनिकुरा या आदिवासी समूहांची पूर्वापार भूमी होय. तेथील शैलाश्रयांना बाधा पोहोचेल असे खाणकाम करण्याची परवानगी रिओ टिंटो या कंपनीस १९७२ च्या आदिवासी वारसा कायद्याच्या कलम १८ अन्वये २०१३ मध्ये मिळाली. बचाव-उत्खनन झाले ते त्यानंतर, २०१४ मध्ये. त्यात सुमारे ७,००० वस्तू मिळाल्या. मानवी केसांच्या, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या एका विणीचे जनुकीय नाते आजच्या समूहाशी जुळले. मानवी वावराचा काळ सुमारे ४६,००० वर्षांपर्यंत मागे गेला. तथापि, नव्या माहितीच्या आधारे परवानगीचा फेरविचार करण्याची सोय कायद्यात नव्हती. २४ मे २०२० रोजी सुरुंग उडवण्यात आले व दोन शैलाश्रय उद्ध्वस्त झाले.

खाणीच्या चार पर्यायांपैकी तिहींत हे शैलाश्रय वाचत होते; सुमारे ८० लाख टन अधिक खनिजासाठी चौथा निवडला गेला, हे संसदीय चौकशीत उघड झाले. म्हणजेच उणीव ज्ञानाची नव्हती. ज्ञान हाती येण्यापूर्वीच निर्णय झाला होता. अशा वेळी सर्वेक्षण हे संरक्षणाचे साधन न राहता विनाशापूर्वीची नोंद ठरते. पुढे २०२१ चा नवा कायदा १ जुलै २०२३ रोजी अमलात आला आणि त्याच वर्षी रद्द झाला. पुन्हा लागू झालेल्या जुन्या कायद्यात फेरविचाराची तरतूद झाली, हे स्वागतार्ह असले तरी तो उपाय परवानगीनंतरचाच आहे.

भारतातील स्थितीही अंतर्मुख करणारी आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार १०० मीटरचे प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र लाभते ते केवळ केंद्र-संरक्षित वास्तूंना व स्थळांना. कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. परंतु ज्या जांभ्याच्या सड्यांवर ती कोरलेली आहेत, तोच जांभा चिरेखाणींतून काढला जातो. जे शिल्प अद्याप कोणाच्या दृष्टीस पडलेले नाही, त्याच्याभोवती अंतर मोजणार कोठून?

निष्कर्ष :
सर्वेक्षणाचा अहवाल हा परवानगीचा आधार असावा, तिचे परिशिष्ट नव्हे. तसेच ‘येथे खाण नको’ असा निष्कर्ष काढण्याची मुभा ज्या सर्वेक्षणास नाही, त्यास सर्वेक्षण म्हणणे उचित ठरणार नाही.