वर्गणीचे सॉफ्टवेअर : उत्पन्न आणि कसोटी

सॉफ्टवेअर एकदाच विकण्याऐवजी इंटरनेटद्वारे वर्गणीने पुरविण्याच्या पद्धतीचे समर्थन करताना अमेरिकेतील अॅडोबी कंपनीचा दाखला हटकून दिला जातो. २०१३ साली तिने ‘क्रिएटिव्ह सूट’ या संचाच्या नव्या आवृत्त्या काढणे थांबवून ग्राहकांना वर्गणीकडे वळविले. त्या आर्थिक वर्षी तिचे उत्पन्न सुमारे ४४० कोटी डॉलरांवरून ४०६ कोटींवर उतरले. २०१९ साली मात्र ते १,११७ कोटींवर गेले. या वाढीत २०१८ साली विकत घेतलेल्या मॅजेंटो व मार्केटो या कंपन्यांचाही वाटा आहे, ही गोष्ट समर्थक सहसा विचारात घेत नाहीत. परंतु खरा आक्षेप याहून मूलगामी आहे. पूर्वी नवी आवृत्ती पसंत न पडल्यास ग्राहक जुनीवरच काम चालवी. त्याचा हा नकार हीच निर्मात्याची परीक्षा असे. आता वर्गणी थांबताच साधनच हातचे जाते, आणि त्यावाचून स्वतःच्याच जुन्या कामात फेरफार करणे दुर्घट होते. नियमित येणाऱ्या वर्गणीत समाधान किती व अगतिकता किती, हे ताळेबंदावरून कळत नाही. जेथे ग्राहकाला आपली सामग्री घेऊन सहज निघून जाता येते, तेथेच टिकून राहिलेली वर्गणी गुणवत्तेची साक्ष देते. या व्यवसायाच्या भवितव्याचा विचार याच कसोटीवर व्हावयास हवा.