‘स्मृतिचित्रें’ आणि निष्ठेचा हिशेब

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची गोष्ट निघाली कीं, आमच्या मंडळींच्या चेहऱ्यावर प्रथम हसूं उमटतें. सोवळ्यापायीं मीठसाखरही धुवावयास लावणारे वडील, बाजाराचे पैसे भलत्याच गोष्टीवर घालवून येणारे टिळक, संसाराची नित्याची त्रेधा, आणि हें सारें कपाळाला आठी न घालतां सांगणारी बाईंची ती सरळ घरगुती भाषा यांची आठवण निघते. आणि असें आत्मचरित्र मराठींत दुसरें नाहीं या निर्णयावर बोलणें संपतें. निर्णय आम्हांसही मान्य आहे. १९३४ सालीं पहिला भाग निघाला त्याला नव्वद वर्षें होऊन गेलीं, तरी या पुस्तकाचा ताजेपणा उणावलेला नाहीं. परंतु या स्तुतींत एक गोष्ट नेहमीं बाजूला पडते. ख्रिस्ताच्या पाचारणाला चिकटून राहतांना एका कुटुंबास काय काय द्यावें लागलें, याचा इतका प्रामाणिक हिशेब मराठींत क्वचितच कोणीं मांडला असेल. हिंदु वाचक सौजन्यानें त्या भागावरून पुढें सरकतो. ख्रिस्ती वाचक टिळकांच्या भक्तीनें इतका भारावलेला असतो कीं, हिशेबाच्या आंकड्यांकडे त्याचें लक्षच जात नाहीं.

नारायण वामन टिळकांची बाजू सर्वांस ठाऊक आहे. जन्म १८६१ सालीं, कोंकणांतल्या करजगांवचा, कूळ चित्पावनाचें, वृत्ति कवीची आणि पायाला भिंगरी. राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाची भेट होते, तो नव्या कराराची प्रत हातीं देतो, आणि तेथून मनांत जें मंथन सुरू होतें त्याचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेण्यांत होतो. जात गेली, आप्त गेले, मित्रांनीं दारें लावलीं, बायको आणि लहानगा दत्तू दुरावला. टिळक ढळले नाहींत. इतकें सांगितलें कीं, एका शूराची कथा पुरी होते, आणि टिळकांचीं बहुतेक चरित्रें येथें विसावा घेतात.

‘स्मृतिचित्रें’ मात्र येथें विसावत नाहींत, कारण लेखिका दुसऱ्या तीरावर उभी आहे. अकराबारा वर्षांची असतां १८८० सालीं जिचें लग्न झालें, जिनें नवऱ्याच्या लहरींमागें गांवोगांव बिऱ्हाड हलविलें, आणि अपत्यांचे मृत्यु सोसले, तिला हा निर्णय घेण्यापूर्वीं कोणीं विचारलें नव्हतें. बातमी तिच्या कानीं आली ती सर्व होऊन गेल्यावर. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखीं मेलेला. म्हणजे धड सौभाग्य नाहीं, धड वैधव्य नाहीं. नाशिकास, पंढरपुरास, या नातलगांकडे, त्या नातलगांकडे, पदरीं मूल घेऊन तिनें जे दिवस काढले, त्या दिवसांचें वर्णन आम्हांस या पुस्तकाचा गाभा वाटतो. त्यांत आक्रोश आहे. जीव द्यावा असें वाटण्याचीं पानें आहेत. पण टिळकांवर फिर्याद नाहीं, आणि टिळकांना माफीही नाहीं. बाई जें झालें तें ठेवून देतात. पुढें स्वतः ख्रिस्ती झाल्यावर लिहावयास बसलेली स्त्री त्या जुन्या दुःखाला सहज उजळ रंग देऊं शकली असती. देवाची योजनाच तशी होती, एवढें एक वाक्य लिहिलें असतें तर भाविक वाचक संतुष्ट झाला असता. त्यांनीं तो मोह टाळला, याचें मोल आम्ही फार मानतों. पाचारण एकाला येतें आणि किंमत दुसऱ्याकडून वसूल होते, ही गोष्ट धर्मग्रंथांच्या भाष्यकारांनींही क्वचितच इतक्या उघडपणें सांगितली असेल.

बाबा पदमनजींचें ‘अरुणोदय’ शेजारीं ठेवून पाहावें. तेंही धर्मांतराचेंच आत्मचरित्र, आणि आपल्या परीनें मोठें. तेथें शंका येते, ग्रंथ वाचला जातो, वाद होतो, शंका फिटते. मन कसें वळलें याचा क्रम वकिलाच्या कागदासारखा नीट लावलेला आहे. ‘स्मृतिचित्रां’त वाद जवळजवळ नाहींच. येशूच्या शिकवणीचीं तत्त्वें सांगण्याच्या भरीसही बाई पडत नाहींत. म्हणून कोणी म्हणतात कीं, बाईंच्या ठिकाणीं श्रद्धा वरवरची होती, त्या केवळ पतीमागून गेल्या. हा समज आम्हांस साफ चुकीचा वाटतो. गंमत अशी कीं, या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरांनींही त्याला हातभार लावला आहे. १९५० सालीं जोसेफाइन इंक्स्टर यांनीं केलेल्या भाषांतराचें नांव ‘आय् फॉलो आफ्टर’, म्हणजे मी मागोमाग येतें. २०१७ सालीं शांता गोखले यांनीं नवें भाषांतर केलें. त्यांत मूळ नांव राखलें आहे, पण पोटमथळ्यांत बाईंची ओळख तेजस्वी असली तरी ‘पत्नी’ म्हणूनच होते. पतीपासून सोडवून या बाईंकडे पाहावयास आपण अजून तयार नाहीं, असें वाटतें.

वस्तुस्थिति अशी कीं, बाई मागोमाग गेल्या नाहींत. त्या पांच वर्षें गेल्या नाहींत. पुन्हां टिळकांजवळ नगरास राहावयास आल्या तेव्हांही आपलें सोवळें घेऊन आल्या. आणि टिळकांनींही, हें त्यांच्या मोठेपणाचें खरें प्रमाण, त्या सोवळ्याला हात लावला नाहीं. धर्मांतर करून बसलेल्या नवऱ्याच्या सान्निध्यांत वेगळी चूल चालली. मग राहुरीस असतां एके दिवशीं जातिभेदाचा विचार त्यांच्या मनांत आपला आपण उलगडला: देवानें पशुपक्ष्यांच्या जाती केल्या त्या डोळ्यांना दिसतात, माणसांच्या तशा दिसत नाहींत, मग हा विटाळ कोणाचा? ज्या मुलीच्या बापानें विटाळाच्या धास्तीनें सगळें घर पाण्यांत बुडवून काढलें, त्या मुलीनें कोणाच्याही हातचें खाण्याचा निश्चय करावा, ही गोष्ट कोणत्याही धर्मवादाहून मोठी आहे. येथें ग्रंथ नाहीं, उपदेशक नाहीं. एक बाई बसून विचार करते, आणि उठते ती दुसरीच होऊन. बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. आमच्या मतें लक्ष्मीबाईंचें पाचारण त्या राहुरीच्या दिवसाचें. टिळकांचें पाचारण विजेसारखें आलें असेल. हें जात्यावरच्या पिठासारखें हळूहळू पडत आलें, म्हणून त्याचा आवाज कोणाला ऐकूं गेला नाहीं.

यानंतरच्या कष्टांत छळ नाहीं, आणि म्हणूनच ते सांगण्यास कठीण. जातीनें वाळींत टाकलें तर माणसाला निदान ताठ उभें राहतां येतें. घरांत पीठ नसलें तर ताठ राहून उपयोग काय? टिळकांच्या लेखीं परमेश्वराची सेवा म्हणजे आलेला पैसा गेला पाहिजे आणि आलेला पाहुणा राहिला पाहिजे. बालकवि ठोमरे या घरांत मुलासारखे राहून गेले, हें मराठी कवितेचें भाग्य. पण त्या भाग्याची भाकरी कोणीं थापली हें कवितेच्या इतिहासांत लिहिलेलें नसतें. प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची शुश्रूषा करावयाची वेळ आली तेव्हां बाई मागें राहिल्या नाहींत. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनच्या पगारावर पाणी सोडलें आणि सातारा येथें ‘देवाचा दरबार’ उभारला. संन्यस्त वृत्तीचें हें पाऊल आम्हांस वंदनीय वाटतें. तरी पगार सोडणारा एक आणि पगारावांचून महिना काढणारी दुसरी, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचल्यावर विसरतां येत नाहीं. आमच्या घरीं हीं पानें मोठ्यानें वाचलीं गेलीं तेव्हां टिळकांच्या उधळेपणाला पुरुषमंडळी लगेच हंसली. बायकाही हंसल्या, पण थोड्या उशिरानें.

म्हणून टिळक चुकले काय? असा प्रश्न हल्लीं पुष्कळ वाचक विचारतात आणि लागलीच ‘होय’ म्हणून मोकळे होतात. आम्हांस तें उत्तर फार स्वस्त वाटतें. टिळक हिशेबी असते तर सुखाचा संसार झाला असता आणि त्यांचे अभंग झाले नसते, असें म्हणून त्यांची बाजू घेणें हेंही तितकेंच स्वस्त. बाई स्वतः दोहोंपैकीं कोणतेंच म्हणत नाहींत. नवऱ्याच्या वेडाला त्या वेड म्हणतात, त्याच्याशीं कडाकडा भांडतात, आणि त्या वेडांत जें खरें आहे त्याला आपला खांदाही देतात. विनोद हा त्यांच्या लेखणीचा अलंकार नसून टिकून राहण्याचें साधन आहे. जेथें दुसरी बाई रडून वेगळी झाली असती, तेथें त्या हंसून शेजारीं उभ्या राहतात.

पुस्तकांत उणीव नाहीं असें नव्हे. ९ मे १९१९ रोजीं टिळक वारले. त्यानंतरच्या भागांत मूळची गति राहत नाहीं. प्रसंगामागून प्रसंग येतो, पण ज्याच्याशीं भांडावयाचें तो माणूसच गेल्यावर कथेचा ताण सैल पडतो. संपादकानें थोडी काटछाट केली असती तरी चाललें असतें, असें आम्हांस वाटतें. परंतु त्या सैल पानांच्या काळांतच बाई दुसरें एक काम करीत होत्या. येशूचें चरित्र ओंव्यांत गावें म्हणून टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें होतें, आणि सुरवातीचे थोडे अध्याय लिहून ते गेले. शाळेचें तोंड न पाहिलेल्या, नवऱ्यापाशीं अक्षरें गिरवलेल्या या स्त्रीनें तें हातीं घेतलें आणि पुढचे साठांहून अधिक अध्याय रचले. सर्व ओंव्या सारख्या उतरल्या नाहींत. कित्येक निव्वळ कथा पुढें नेतात. मात्र मार्था, मरिया, विहिरीवरची शोमरोनी बाई अशा स्त्रिया ज्या कथांत येतात त्या बाईंच्या हातीं कशा झाल्या आहेत, हें ‘स्मृतिचित्रां’च्या रसिकांनीं एकदां मुद्दाम पाहावें. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई वारल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ सालीं छापून निघालें.