‘ओबासान’ : मौन आणि कागद

स्थलांतरितांवर झालेल्या अन्यायाचा इतिहास जोवर राष्ट्र आपला मानत नाही, तोवर त्याची बहुसांस्कृतिकता वरपांगीच राहते. जॉय कोगावा यांच्या ‘ओबासान’ (१९८१) या कॅनडियन कादंबरीचे हे मर्म आहे. १९४२ मध्ये कॅनडाने सुमारे २२,००० जपानी वंशीयांना पश्चिम किनाऱ्यावरून हलविले आणि पुढे त्यांची मालमत्ता विकली. त्यांतील बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते.

निवेदिका नाओमीची काकू मौन पाळते, तर मावशी कागदपत्रे जमविते. मौनात दुःख जपले जाते, पण इतरांना कळत नाही. कागदात ते कळते, पण त्याची धग निवते. कोगावा यांपैकी एकीचीच बाजू घेत नाहीत. वडीलधाऱ्यांनी मुलांपासून दडवलेल्या पत्रांतूनच नागासाकीत होरपळलेल्या आईची हकीकत नाओमीला कळते.

कादंबरीच्या अखेरीस हद्दपारीच्या आदेशांविरुद्धचे १९४६ चे खरेखुरे निवेदन येते. त्यावरील स्वाक्षऱ्या जपानी वंशीयांच्या नाहीत. काव्यात्म निवेदनानंतर हा रुक्ष दस्तऐवज खटकतो, आणि तो खटकावा हेच योग्य आहे. पीडितांचे दुःख इतर नागरिकांनी आपले मानल्याची ती नोंद आहे. शासनाची क्षमायाचना मात्र १९८८ मध्ये आली.