कात्रणं चिकटवणारा पॉझ्नर

शाळेच्या आठवणी रंगतात तेव्हा बहुतेक सगळे सुखरूप मार्गी लागलेले असतात. अ‍ॅलन बेनेटच्या ‘द हिस्टरी बॉइज’ (२००४) या नाटकात तसं होत नाही. १९८०च्या दशकातलं शेफिल्ड, मुलांची ग्रामर स्कूल, ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी तयारी करणारी आठ मुलं. हेक्टर सर त्यांना नको तिथे हात लावतात. मुलं तेही हसण्यावारी नेतात.

शेवटी कोण पुढे काय झालं ते मिसेस लिंटॉट सांगतात. सरांचं शिकवणं सगळ्यात मनावर घेतलेला पॉझ्नर एकटा राहतो, अधूनमधून कोसळतो आणि वर्गमित्रांच्या यशाची कात्रणं वहीत चिकटवतो.

२००६च्या सिनेमात दिग्दर्शक निकोलस हायटनरच, आठही नट तेच. पण पॉझ्नर शिक्षक होतो. त्याची घुसमट तिथेही आहे, वही मात्र गायब. मला हे खटकतं. गेट-टुगेदरला किस्से सांगणारे जमतात. कात्रणं चिकटवणारा बहुधा आलेलाच नसतो. नाटकाने निदान त्याची हजेरी घेतली होती.