‘आऽहूऽगा’: एका भोंग्याचं रसग्रहण

आजच्या मोटारीचा हॉर्न दाबला की आवाज एकदम पुरा निघतो आणि एकदम तुटतो. फोर्डच्या 1928 ते 1931 सालांच्या मॉडेल ए गाडीचं तसं नाही. डाव्या हेडलाइटखाली टांगलेला तिचा भोंगा ‘आऽहूऽगा’ म्हणतो, आणि त्यात सुरुवात, चढ, उतार असं सगळं असतं. हा आवाज घडताना ऐकू येतो. त्याची खरी गोडी तिथे आहे.

आत छोटी मोटर, तिच्या दांड्यावर दातेरी चाक, समोर पोलादी पडदा आणि पडद्याच्या मध्यावर घट्ट बसवलेली कठीण टिकली. चाकाचा एकेक दाता टिकलीला धक्का देत जातो, पडदा थरथरतो. मोटर वेग घेते तसा सूर ‘आ’वरून ‘हू’वर चढतो. बटण सोडलं की वीज थांबते, पण चाक आधीच्या वेगावर फिरतच राहतं. ‘गा’ उमटतो तो तिथे. म्हणजे शेवटचं अक्षर विजेविनाच उच्चारलं जातं!

या जातीचा भोंगा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत मिलर रीस हचिसन यांनी काढला. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारं श्रवणयंत्रही त्यांनीच आधी बनवलं होतं. कानाची इतकी जाण असलेल्या माणसाच्या हातून असा कर्कश आवाज निघावा, यातली गंमत काही औरच.

दुरुस्ती करणाऱ्यालाही आधी कानच लागतो. भोंगा अगदी मुका असेल तर सहा व्होल्टची बॅटरी थेट त्याच्या दोन तारांना लावून बघावी. तसा वाजला, तर दोष बाहेर आहे. या गाडीत स्टिअरिंगवरचं बटण भोंग्याला अर्थिंग देतं. त्या वाटेत कुठे गंज धरला की सगळं बंद. मोटर नुसतीच घरघरत असेल तर चाक टिकलीपर्यंत पोचत नाही. ‘आ’वरच गुरगुरत बसली, तर चाक टिकलीत रुतलंय, नाहीतर कम्युटेटर, म्हणजे मोटरचे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, काळा पडलाय. मग बारीक पॉलिश पेपरने तांबं उजळायचं, पट्ट्यांमधल्या खाचांतली कार्बनची भुकटी काढायची, झिजलेले ब्रश बदलायचे. चाक आणि टिकलीतलं अंतर कमी-जास्त करणारा मागचा स्क्रू मात्र अगदी जपून, केसभर फिरवायचा. ‘गा’ अर्धवट तुटत असेल, तर बेअरिंगमधलं जुनं ग्रीस वाळलेलं असतं.

काहीजण घाईने बारा व्होल्टची बॅटरी जोडतात. आवाज मोठा होतो खरा, पण मोटर इतक्या झपाट्याने वेग घेते की ‘आ’ गिळला जातो. शिवाय वायंडिंग तापतं ते वेगळंच. म्हणून काम नीट झालं की नाही हे आवाजाच्या जोरावरून ठरवू नये. तिन्ही अक्षरं सुटी ऐकू आली, तरच भोंगा दुरुस्त झाला म्हणायचं.