'चार लोक काय म्हणतील', पण हे चार लोक कोण?

आमच्या विभागात मागे एक सेमिनार झाला. एका सीनियरचा पेपर होता आणि नमुना निवडण्यात सरळसरळ चूक होती: जातीविषयीची मतं विचारलेली, पण उत्तरं देणारे सगळे एकाच हॉस्टेलचे. "काही प्रश्न?" असं विचारल्यावर सगळे वहीत बघायला लागले. मीसुद्धा. नंतर चहाच्या टपरीवर मात्र त्याच पेपरची यथेच्छ चिरफाड झाली.

मित्रांनो, अशा गप्प बसण्यावर संवादशास्त्रात एक प्रसिद्ध सिद्धांत आहे, 'स्पायरल ऑफ सायलेन्स'. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमन यांनी तो १९७४ मध्ये मांडला. माणसाला एकटं पडण्याची भीती असते, म्हणून तो वारा कुठला आहे ते बघतो. आपलं मत अल्पसंख्य वाटलं की गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्यामुळे ते मत आणखी दुबळं दिसतं आणि पुढचा माणूसही गप्प होतो. नेटपरीक्षेसाठी एवढं पाठ केलं तरी चालतं. संशोधनासाठी चालत नाही.

पहिली अडचण मोजमापाची. नोएल-नॉयमन यांची गाजलेली चाचणी अशी: पाच तासांच्या रेल्वे प्रवासात अनोळखी सहप्रवाशाने हा विषय काढला, तर तुम्ही बोलाल का? आता सांगा, आपण घाबरतो कोणाला? आपल्याकडे 'चार लोक काय म्हणतील' म्हणतात, तेव्हा ते चार लोक रेल्वेतले नसतात. ते घरचे, गल्लीतले, ऑफिसातले असतात. मी सेमिनारला गप्प बसलो, कारण त्या पेपरवर सहलेखक म्हणून ज्या सरांचं नाव होतं, तेच माझ्या प्रगती अहवालावर सही करतात. अनोळखी माणसाशी मी त्या पेपरवर पाच तास बोललो असतो!

आकडेही तेच सुचवतात. १९९७ मध्ये ग्लिन, हेज आणि शॅनहन यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा 'लोक माझ्या बाजूने आहेत' ही समजूत आणि बोलण्याची तयारी यांतला संबंध अगदीच क्षीण निघाला. २०१८ मध्ये माथेस आणि सहकाऱ्यांच्या मोठ्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये हा परिणाम कुटुंब, मित्र, शेजारी यांच्याशी बोलताना जास्त दिसला. म्हणजे सिद्धांत अगदीच चुकीचा नाही, प्रश्न चुकीच्या डब्यात बसून विचारला गेला होता.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. हा सिद्धांत सगळ्या मौनाला एकाच मापाने मोजतो. हॉस्टेलमध्ये जातीवरून विनोद करणारा मुलगा आता आजूबाजूला बघून गप्प बसतो आणि म्हणतो, "आजकाल काही बोलायची सोयच राहिली नाही, सगळं पॉलिटिकली करेक्ट पाहिजे." हे एक मौन. तोच विनोद ऐकून वर्षानुवर्षं कसंनुसं हसणारा त्याचा रूममेट, हे दुसरं मौन. पहिल्याला फार तर चारचौघांत टोकलं जाईल. दुसरा बोलला असता तर त्याला खोलीत राहणं कठीण झालं असतं. प्रश्नावलीत दोघेही 'मी मोकळेपणाने बोलत नाही' याच चौकटीत खूण करतील, आणि आपण टक्केवारी काढून 'समाजात भीती वाढली' असा निष्कर्ष लिहून मोकळे होऊ.

याचा अर्थ पहिल्या मुलाचं सगळंच ओरडणं खोटं, असंही नाही. प्रामाणिक शंका विचारणाऱ्यालाही लोक कधी कधी लगेच शिक्का मारतात, आणि मग तो शंका विचारणंच सोडतो. पण शंका गिळणं आणि शिवी गिळणं यांत फरक करायचा, तर नुसतं 'बोलता का?' विचारून भागत नाही. काय बोलायचं होतं, कोणासमोर, आणि बोलल्यावर काय गेलं असतं, हे तीन प्रश्न विचारावेच लागतात. सर्वेक्षणात नाही जमलं तर मुलाखतीत विचारा, पण विचारा.

जाता जाता: चार दिवसांनी मी त्या सीनियरला एकट्याला गाठून नमुन्यातली चूक सांगितली. तो म्हणाला, "अरे, मला माहीत होतं. पण सरांना कोण सांगणार?"